'स्टेप' आणि 'पाऊल' : अर्थबाहुल्य, कोशरचना आणि शिवाजी पेठेतील व्यवहारभाषा

१

द्वैभाषिक कोशाची खरी परीक्षा दुर्मिळ शब्दांच्या नोंदीवरून होत नाही. ती होते अत्यंत परिचित शब्दांच्या नोंदीवरून. वनस्पतींची, खनिजांची अथवा शस्त्रांची नावे एकास एक या न्यायाने मांडता येतात. परंतु येणे, जाणे, बसणे, चालणे यांसारख्या नित्याच्या क्रियांचे शब्द पुढे आले की हा न्याय कोलमडतो. 'स्टेप' हा इंग्रजी शब्द याचे उत्तम उदाहरण होय. शाळकरी विद्यार्थ्यास त्याचा अर्थ विचारला तर तो निःशंकपणे 'पाऊल' असे सांगेल, आणि हे उत्तर चुकीचेही म्हणता येणार नाही. तथापि जिन्याच्या 'स्टेप'ला मराठीत पायरी म्हणतात, गणिताच्या उदाहरणातील 'स्टेप'लाही पायरीच म्हणतात, योजनेतील 'स्टेप' हा टप्पा ठरतो, आणि शासकीय पत्रातील 'स्टेप्स' या उपाययोजना अथवा कार्यवाही असतात. एका इंग्रजी शब्दाच्या छत्राखाली जे अर्थ एकत्र नांदतात ते मराठीत निरनिराळ्या घरी राहतात.

ही विभागणी केवळ शब्दसंख्येचा प्रश्न नाही. कोणता अर्थ कोणत्या शब्दाकडे गेला, यात भाषिक समाजाचा अनुभव साठलेला असतो. म्हणून 'स्टेप'च्या जागी सर्वत्र 'पाऊल' ठेवण्याची जी प्रवृत्ती गेल्या काही दशकांतील लेखनात बळावली आहे, तिचे परीक्षण कोशकार आणि समीक्षक या दोघांच्याही दृष्टीने आवश्यक ठरते. प्रस्तुत विवेचनात या परीक्षणासाठी कोल्हापुरातील शिवाजी पेठेच्या व्यवहारभाषेचा आधार घेतला आहे. पाय कोठे व कसा टाकावा याचे शास्त्र तेथील आखाड्यांत पिढ्यान्‌पिढ्या शिकविले गेले असल्याने या शब्दकुलाची कसोटी पाहण्यास ते स्थळ विशेष अनुकूल आहे.

२

प्रथम इंग्रजी शब्दाकडे वळणे इष्ट ठरेल. 'स्टेप' हा जर्मानिक कुळातील जुना शब्द. जर्मन भाषेतील पाऊलखुणेचा वाचक 'श्टाप्फे' आणि डच भाषेतील 'स्टाप' हे त्याचे सगोत्र होत. पाय उचलून पुढे ठेवण्याची क्रिया हा त्याचा मूळ अर्थ. त्यातून एका पावलात कापले जाणारे अंतर, पाय ठेवण्याची जागा म्हणजे पायरी, नृत्यातील पदन्यास, श्रेणीतील स्थान, संगीतातील दोन लगतच्या स्वरांमधील अंतर, आणि एखाद्या कार्याचा एकेक भाग असे अर्थ क्रमाने फुटत गेले. येथे अर्थाचा प्रवास स्पष्ट दिसतो : क्रियेकडून अंतराकडे, अंतराकडून स्थानाकडे, आणि स्थानाकडून अमूर्त क्रमाकडे.

मात्र 'स्टेपमदर' या शब्दातील 'स्टेप' या मालिकेत बसत नाही. तो पूर्वपद म्हणून उरलेला निराळाच जुना शब्द असून मातृपितृवियोग हा त्याचा मूळ आशय आहे. पोरके झालेल्या मुलाशी त्याचा संबंध होता. उच्चार व लेखन एक झाल्यामुळे दोन परक्या शब्दांना एकच वेष मिळाला. एका शब्दाचे अनेक अर्थ असणे ही एक गोष्ट, आणि अनेक शब्दांचे रूप एक होणे ही दुसरी गोष्ट. पहिली अनेकार्थता, दुसरी समरूपता. कोशात पहिलीस एक नोंद पुरते, दुसरीस दोन नोंदी लागतात.

हा भेद मराठी अभ्यासकास परका वाटू नये. 'पाव' या मराठी शब्दाचीच गोष्ट घ्यावी. पावशेरातील 'पाव' हा संस्कृत 'पाद'चा वंशज. चार पायांच्या प्राण्याचा एक पाय म्हणजे एकचतुर्थांश, या कल्पनेतून तो आला. न्याहारीतील 'पाव' मात्र पोर्तुगीजांबरोबर आला. 'पावले' हे रूप तर अधिक मनोरंजक आहे. ते 'पाऊल'चे अनेकवचन आहे, तसेच 'पावणे' या क्रियापदाचे भूतकाळी रूपही आहे. 'देव पावले' या वाक्यातील क्रियापद संस्कृत 'प्राप्' या धातूपर्यंत पोहोचते. त्याचा पायाशी काहीही संबंध नाही. रूपसादृश्यावर विसंबून व्युत्पत्ती सांगणाऱ्यास हे दोन शब्द सहज चकवतील.

३

'पाद' या एका शब्दाने मराठीस किती दिले, याची मोजदाद उद्बोधक आहे. सपाद म्हणजे पावासहित. त्याचा 'सवा' झाला. पादोन म्हणजे पावाने उणे. त्याचा 'पाऊण' झाला. बाजारात सव्वा रुपया मोजणारा अथवा पाऊण तास वाट पाहणारा मनुष्य नकळत पायाचेच नाव घेत असतो. श्लोकाच्या चतुर्थांशासही पाद म्हणतात, आणि 'चरण' या शब्दानेही पाय व कवितेची ओळ असे दोन्ही अर्थ वाहिले. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात अध्यापन करणारे माधव जूलियन यांनी 'छंदोरचना' या ग्रंथात मराठी पद्याची जी शास्त्रीय मांडणी केली, तिची परिभाषाही चरणाच्या कल्पनेवाचून उभी राहू शकत नाही.

'पद' या शब्दाचा विस्तार तर याहून मोठा. पाऊल, स्थान, अधिकाराची जागा, व्याकरणातील शब्द, आणि गाण्याची रचना एवढे अर्थ त्यात आहेत. 'पदवी' म्हणजे मुळात मार्ग. पुढे स्थान, योग्यता. आणि आज विद्यापीठाचे प्रमाण. येथे एक लक्षणीय समांतरता दिसते. इंग्रजीतील 'डिग्री' आणि 'ग्रॅज्युएट' हे दोन्ही शब्द लॅटिन 'ग्रादुस' या शब्दापासून आले, आणि 'ग्रादुस' म्हणजे पाऊल अथवा पायरी. विद्येच्या क्षेत्रात युरोपीय भाषांनी आणि भारतीय भाषांनी परस्परांवाचून एकाच रूपकाचा आश्रय केला, असे दिसते.

ही समांतरता धातूंच्या पातळीवर अधिकच ठळक होते. लॅटिनमध्ये 'ग्रादुस'च्याच गोत्रातील चालण्याच्या क्रियापदाला उपसर्ग लागून 'अ‍ॅग्रेशन', 'ट्रान्सग्रेशन', 'प्रोग्रेस' हे शब्द सिद्ध झाले. संस्कृतात 'क्रम्' या पाऊल टाकण्याच्या धातूपासून आक्रमण, अतिक्रमण, संक्रमण, उपक्रम, पराक्रम सिद्ध झाले. 'अ‍ॅग्रेशन' आणि 'आक्रमण' यांची घडण उपसर्गापासून धातूपर्यंत सारखी आहे. कोणीतरी कोणाकडे पाऊल टाकून गेले, एवढेच दोन्ही शब्द सांगतात. विष्णूच्या तीन पावलांवरून त्रिविक्रम हे नाव रूढ झाले. 'विक्रम' या शब्दातील शौर्य हे मुळात लांब टाकलेले पाऊलच होय. आजचा खेळाडू विक्रम मोडतो तेव्हा त्या शब्दातील पाऊल ऐकू येईनासे झालेले असते.

तद्भव शब्दांत मात्र पाऊल अद्याप ऐकू येते. पायवाट, पायपीट, पायउतार, पायगुण, पायंडा या शब्दांत शरीर जिवंत आहे. त्यांतही 'पाय' आणि 'पाऊल' यांच्यात मराठीने केलेला भेद सूक्ष्म आहे. पाय हा अवयव. तो दुखतो, मुरगळतो, आणि मोकळा करण्यासाठी त्यास फिरावयास न्यावे लागते. पाऊल म्हणजे त्या अवयवाचा तळभाग, त्याची एक हालचाल, आणि त्या हालचालीचा मागे राहिलेला ठसाही. गौरी घरी आणताना उंबरठ्यापासून देव्हाऱ्यापर्यंत काढतात ती पावले. त्यांस कोणी पाय म्हणत नाही. गौर आणणारीस ती कशाच्या पावलांनी आली असे विचारण्याची आणि तिने सोन्यारुप्याची नावे सांगण्याची जी रीत आहे, तीतही पावलाचा ठसा हाच आशय प्रधान आहे. कोण आले, कोठून आले आणि कोणत्या दिशेने गेले, हे पाऊल सांगते. मराठीतील पाऊल सहसा निनावी नसते, हा मुद्दा पुढील विवेचनासाठी ध्यानात ठेवणे अवश्य आहे.

४

रंकाळ्याच्या शेजारी वसलेल्या शिवाजी पेठेत मर्दानी खेळांची परंपरा दीर्घकाळ टिकून राहिली आहे. दांडपट्टा, लाठी, विटा, तलवार-ढाल, फरी-गदगा यांचे हात तेथील आखाड्यांतून शिकविले जातात, आणि शिवजयंतीसारख्या प्रसंगी हलगीच्या तालावर त्यांची प्रात्यक्षिके होतात. या विद्येत 'पाऊल' या सामान्य शब्दावर भागत नाही. तेथे शब्द आहे 'पवित्रा'.

पवित्रा म्हणजे शस्त्र चालविताना शरीराचा तोल, पायांतील अंतर, टाचेचा रोख आणि पुढील हालचालीची तयारी या सर्वांचा मिळून होणारा पायांचा विन्यास. हिंदीतील 'पैंतरा' हा त्याचा सोयरा. 'पवित्र' या विशेषणाशी त्याचे अर्थदृष्ट्या काही नाते नाही. हात कितीही चपळ असला तरी पाय चुकला तर वार फुकट जातो, म्हणून या विद्येत पायांची तयारी हा हाताच्या कौशल्याचा पाया मानला जातो. 'स्टेप', 'स्टान्स' आणि 'गार्ड' या तीन इंग्रजी शब्दांचा काही काही अंश या एका शब्दात येतो. पण कोणताही एक शब्द त्याची जागा घेऊ शकत नाही.

आता हाच शब्द वृत्तपत्रांत कसा येतो ते पाहावे. संघटनेने आक्रमक पवित्रा घेतला, विरोधकांनी सावध पवित्रा घेतला, अशी वाक्ये नित्य वाचावयास मिळतात. येथे पवित्रा म्हणजे भूमिका, तीही एकदा घेतली की न हलणारी. आखाड्यातील अर्थ याच्या बरोबर उलट आहे. तेथे पवित्रा घेतला जातो तो बदलण्यासाठीच. प्रतिस्पर्धी डावीकडे सरला की पवित्रा बदलावा लागतो; जो एकाच पवित्र्यात उभा राहील तो मार खाईल. 'पवित्रा बदलणे' हे शब्द राजकीय लेखनात हेटाळणीचे ठरले, आखाड्यात ते कौशल्याचे आहेत. एकच शब्दप्रयोग दोन व्यवहारांत परस्परविरुद्ध मूल्य धारण करतो, हा अर्थविज्ञानाच्या दृष्टीने महत्त्वाचा पुरावा होय. अर्थ शब्दाच्या पोटात बंद नसतो. शब्द ज्या जमिनीवर उभा असेल तिच्यावरही तो अवलंबून असतो.

मराठी कोशपरंपरेची मर्यादा येथे जाणवते. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश प्रथम १८३१ मध्ये आणि वाढविलेल्या स्वरूपात १८५७ मध्ये प्रसिद्ध झाला. बोलीतील शब्द व वाक्प्रचार टिपण्याची त्याची दृष्टी आजही आदरास पात्र आहे. दाते-कर्वे यांच्या 'महाराष्ट्र शब्दकोशा'ने १९३२ ते १९३८ या काळात विशाल शब्दसंग्रह एकत्र आणला. परंतु एखादा अर्थ कोणत्या व्यवसायात, कोणाच्या तोंडी आणि कोणत्या मूल्यभावनेने वावरतो, हे सांगण्याची सोय दोन्हींच्या आराखड्यात मर्यादितच होती. इंग्रजीत १९२८ मध्ये पूर्ण झालेल्या ऑक्सफर्ड कोशाने प्रत्येक अर्थाचा कालक्रम उदाहरणांसह मांडला. जुन्या मराठीपुरती या दिशेची गरज शं. गो. तुळपुळे व अ‍ॅन फेल्डहाउस यांच्या १९९९ मधील कोशाने बऱ्याच अंशी भागविली. तथापि 'पवित्रा' आखाड्यातून अग्रलेखात केव्हा आला, हा प्रश्न अर्वाचीन मराठीचा आहे, आणि त्याचे उत्तर वृत्तपत्रांच्या संचिकांत व आखाड्यांतील वस्तादांच्या बोलण्यात शोधावे लागेल.

५

'स्टेप'चा दुसरा मोठा अर्थ पायरी. पाय जेथे ठेवावयाचा ती जागा, एवढाच तिचा मूळ अर्थ. परंतु मराठीत या शब्दावर समाजरचनेचे ओझे पडले आहे. 'पायरी ओळखून वागावे', 'पायरी सोडली', 'त्याला त्याची पायरी दाखवली' या प्रयोगांत पायरी म्हणजे जन्माने अथवा अधिकाराने ठरवून दिलेले स्थान. इंग्रजीतील 'स्टेप' चढण्यासाठी असते. या प्रयोगांतील पायरी थांबण्यासाठी आहे.

पंढरपुरास या शब्दाची दोन्ही टोके एकत्र दिसतात. विठ्ठलमंदिराच्या महाद्वारी नामदेवांची पायरी आहे. संतांच्या पायांची धूळ लागावी म्हणून भक्ताने स्वेच्छेने स्वीकारलेले ते स्थान, अशी परंपरेची श्रद्धा आहे. तिच्या समोरच चोखामेळ्याची समाधी आहे, आणि चोखामेळ्याने ते स्थान स्वेच्छेने निवडले नव्हते. मंदिरात जाण्यास त्याला मज्जाव होता. साने गुरुजींच्या उपोषणानंतर १९४७ मध्ये ते मंदिर अस्पृश्य मानलेल्यांस खुले झाले. एका पायरीत नम्रता आहे, दुसरीत निषेध आहे. 'स्टेप' म्हणजे 'पायरी' एवढेच सांगणारा कोश हा इतिहास झाकून टाकतो.

कोल्हापूरच्या संदर्भात हा अर्थ अधिकच अर्थपूर्ण ठरतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ३१ जानेवारी १९२० रोजी निघालेल्या 'मूकनायका'च्या पहिल्या अंकात हिंदू समाजाला मनोऱ्याची उपमा दिली. त्या मनोऱ्यात प्रत्येक जात हा एकेक मजला आहे, मात्र मजल्यांना जोडणारी शिडी नाही. या रूपकाची धार 'पायरी'च्या अभावात आहे. श्रेणी आहे आणि चढण्याची सोय नाही, म्हणजे 'स्टेप'चा एक अर्थ शिल्लक आहे आणि दुसरा हिरावून घेतलेला आहे. या पत्राला छत्रपती शाहू महाराजांनी अर्थसाहाय्य केले, आणि त्याच वर्षी मार्च महिन्यात कोल्हापूर संस्थानातील माणगाव येथे झालेल्या परिषदेत ते आंबेडकरांच्या पाठीशी उभे राहिले. तत्पूर्वी १९०२ मध्ये त्यांनी संस्थानातील रिक्त होणाऱ्या निम्म्या जागा मागासवर्गीयांसाठी राखून ठेवण्याचा हुकूम काढला होता. भाषेच्या परिभाषेत सांगावयाचे तर 'पद' हा शब्द ज्यांना केवळ भजनातच लाभत होता, त्यांना तो दप्तरातही लाभावा अशी ती व्यवस्था होती.

६

आता प्रचलित 'पावले उचलणे' या प्रयोगाचा विचार करणे क्रमप्राप्त आहे. इंग्रजीतील 'टेक स्टेप्स' या प्रयोगाचे हे रूपांतर होय. ते परकीय म्हणून त्याज्य ठरविण्याचे कारण नाही. मराठीने फारसीतून आणि इंग्रजीतून अनेक प्रयोग पचविले आहेत, आणि त्यामुळे ती समृद्धच झाली आहे. प्रश्न एवढाच की रूपांतरित प्रयोग मराठीत काही नवे सांगतो काय, आणि जुने काही पुसतो काय.

मराठीत 'पाऊल उचल' असे रेंगाळणाऱ्या मुलास म्हणतात. त्यात त्वरा आहे आणि चालणारा समोर आहे. 'उंबरठ्यात पाऊल टाकले', 'पाऊल मागे घेतले', 'पावलावर पाऊल ठेवले' या सर्व प्रयोगांत पावलाचा धनी ठाऊक असतो. याउलट 'योग्य ती पावले उचलण्यात येतील' या वाक्यात पावले कोणाची, किती, कोणत्या दिशेने आणि केव्हा, यांपैकी काहीच कळत नाही. पावलाचा ठसा राहतो म्हणूनच मराठीने त्यास पाऊल म्हटले. ज्याचा ठसा उरणार नाही अशा हालचालीस तेच नाव देणे ही अर्थाची हानी आहे. १९६४ च्या राजभाषा अधिनियमानंतर शासनव्यवहारात मराठीचा वापर वाढणे ही इष्ट घटना होती; परंतु इंग्रजी वाक्यांची संदिग्धताही तिच्याबरोबर मराठीत आली. 'कार्यवाही करणे', 'उपाय योजणे', 'बंदोबस्त करणे' हे प्रयोग उपलब्ध असताना, आणि क्रमाने करावयाच्या कामासाठी 'टप्प्याटप्प्याने' हा समर्पक शब्द असताना, 'पावले' या शब्दावर हा भार टाकण्याची निकड दिसत नाही.

यावर एक आक्षेप संभवतो. धनी नसलेले पाऊल मराठीला अगदीच अपरिचित आहे काय? 'पायंडा' हा शब्द पाहता तसे म्हणता येत नाही. पायंडा पडतो तेव्हा तो कोणा एकाचा नसतो. अनेकांच्या चालण्याने रुळलेली ती रीत असते. परंतु हा आक्षेप मूळ विधानास बाध आणीत नाही, उलट त्यास पुष्टीच देतो. सामूहिक व निनावी अर्थासाठी मराठीने निराळा शब्द घडविला, आणि 'पाऊल' व्यक्तीसाठी राखून ठेवले.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. पावलाला धनी असतो ही गोष्ट नेहमीच गौरवाची नाही. 'वाकडे पाऊल पडणे' हा प्रयोग बहुधा स्त्रीच्या संदर्भात योजला जातो. तेच वर्तन पुरुषाकडून घडल्यास भाषा त्याचे पाऊल मोजीत नाही. 'पायगुण'ही नव्या सुनेचा पाहिला जातो, जावयाचा क्वचितच. म्हणजे ज्या भाषेने पावलाला जबाबदारी दिली तिनेच ती असमान वाटली. इंग्रजीतील 'मिसस्टेप' या शब्दात हा भेद नाही. म्हणून 'मिसस्टेप'साठी 'वाकडे पाऊल' हा प्रतिशब्द देणारा कोशकार नकळत एका तटस्थ शब्दास लिंगभेदाचा रंग देतो. तेथे 'चूक' अथवा 'गफलत' हे साधे शब्दच अधिक प्रामाणिक ठरतील.

७

या विवेचनातून कोशरचनेपुरते तीन निष्कर्ष निघतात. समरूप शब्दांच्या नोंदी स्वतंत्र असाव्यात, हा पहिला. 'पावले' आणि 'पावले' यांस एका नोंदीत कोंबणे गैर होय. प्रत्येक अर्थापुढे त्याचे क्षेत्र द्यावे, हा दुसरा. आखाड्यातील पवित्रा आणि अग्रलेखातील पवित्रा यांचा विरोध कोशात दिसला पाहिजे. तिसरा निष्कर्ष असा की, शब्द कोणाविषयी वापरला जातो याचीही नोंद व्हावी. 'पायरी' कोणास दाखविली जाते आणि 'वाकडे पाऊल' कोणाचे मोजले जाते, हे सांगितल्यावाचून त्या शब्दांचा अर्थ पुरा होत नाही.

यासाठी लागणारी सामग्री केवळ ग्रंथालयात मिळणारी नाही. शिवाजी पेठेतील आखाड्यात एखादा वस्ताद शिष्याचा पाय हाताने धरून दोन बोटे बाहेर सरकवितो आणि पवित्रा नीट करतो, त्या वेळी तो जे बोलतो तेही कोशाचे साधन आहे. पदव्युत्तर अभ्यासकांनी अशा व्यवहारांतील शब्दांचे संकलन हाती घेतले, तर विद्यापीठाच्या 'पदवी'चा आणि आखाड्यातील 'पवित्र्या'चा अर्थ परस्परांच्या प्रकाशात अधिक स्पष्ट होईल. 'स्टेप'ला मराठीत एक प्रतिशब्द नाही, ही मराठीची उणीव नव्हे. पाय कोणाचा, तो कोठे पडला आणि त्यास तेथे पडू दिले की नाही, हे विचारल्यावाचून या भाषेने त्या क्रियेस नाव दिले नाही, एवढाच त्याचा अर्थ आहे.